झुबऱ्या अस्वलाचा पुरावा

चंद्रपूरच्या कोर्टात खातून पुकाऱ्याची वाट पाहत बाकावर बसली होती. शेजारी एक म्हातारा पेंटर आपल्या वकीलबाईशी बोलत होता.

"गफ्फारभाऊ, बिस्किटाची कंपनी म्हणते, पुड्यावरचं झुबऱ्या अस्वल आमचंच."

"माह्यं हाय, बाई. जिवतीच्या अंगणवाडीत वीस वर्षाआधी मीच काढलं. रडते पोट्टे त्याले पाहून चूप होत."

"पुरावा?"

"भिंतीवर खाली सही होती, साल होतं."

"मंग जिंकलो समजा! उद्याच फोटो काढू."

"भिंत आता पांढरी हाय."

"काऊन?"

"कंपनीची नोटीस आली ना, आमचं चित्र पुसा म्हणून. भेव वाटलं."

"पुसलं कोणं?"

"मीच. चुन्याचे दोन हात मारा लागले, बाई. पहिल्या हातानं झुबऱ्याचे डोळे झाकूनच नाई राह्यले."