त्याच्या उंदरांची जखम

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीचा गाल सुजला होता, पण तोंड थांबत नव्हतं.

"ताई, आमच्या लॅबमधला तो मुलगा माझ्यानंतर लागलाय. उंदरांचे साधे पिंजरे धड धूत नाही. आणि सर परवा सगळ्यांसमोर त्याच्याच मलमाचं कौतुक करत होते."

"मलम चांगलं असेल."

"मलम लावलेल्या उंदरांची जखम लवकर भरली, न लावलेल्यांची उशिरा. एवढंच. असा फरक योगायोगानेही पडतो."

"योगायोग आहे की नाही, हे कसं कळतं मग?"

"आकड्यांना गणिताची कसोटी लावतात. मी त्याचे आकडे घेऊन लावून बघितली."

"त्याला विचारून?"

"आकडे सगळ्यांच्याच कॉम्प्युटरवर दिसतात."

"बरं, मग?"

"फरक खरा निघाला."

"झालं तर."

"झालं कसं? मी दुसरी कसोटी लावली. तिच्यातही खरा. तिसरीतही मेला खराच. रविवारभर बसून आणखी एक शोधून काढली, तेव्हा कुठे फरक योगायोगाचा निघाला. उद्याच्या मीटिंगमध्ये तीच दाखवणार आहे."

"आणि आधीच्या तीन?"

"त्या कशाला दाखवू? त्या त्याच्या आकड्यांना लागूच पडत नाहीत."

"तुझं स्वतःचं मलम होतं ना गेल्या वर्षी? त्याला किती कसोट्या लावल्या होत्यास?"

"एकच."

"एकच का गं?"

"पहिल्याच कसोटीत फरक खरा निघाला, ताई. मग पुढे कशाला बघायचं?"