घोड्यावर अडलेलं लग्न

घोड्यानं लग्न पुढं ढकललेलं कुणी पाहिलंय का? मी पाहिलंय! आमच्या लोणखेड्याच्या भाच्यानं, नीलेशनं, स्वतःचं लग्न ऑफिसच्या कामं आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलं. आधी घोडा, मग वरात, मग लग्न. एक झाल्याशिवाय दुसरं नाही.

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेतून घोडेवाल्याचा फोन आला, "यात्रा सरू द्या, मंग घोडा लई येसू."

नीलेशनं घोडा आणायची तारीख यात्रेनंतरची केली. क्षणात लग्नही सरकलं आणि नवी तारीख आपोआप साऱ्या पाहुण्यांच्या मोबाईलवर गेली!

तेवढ्यात शहाद्याहून नवरी फोनवर कडाडली, "तुले लगीन मन्हासंगे करनं शे का घोडासंगे? पायी ये!"

नीलेशनं लगेच घोडा यादीतून काढला. लग्न जुन्या तारखेवर आलं, नवरदेव पायी गेला. घोडा मात्र यात्रा सोडून पंगतीला वेळेवर हजर!