मागे फिरायचं बटण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष ब्रिगेडियर साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते कर्नल रंगनाथ गायधनी साहेब, त्यांच्या पत्नी सौ. उज्वलाताई, प्रशिक्षण केंद्रातले अधिकारी, जवान आणि त्यांच्या घरची मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी शहनाज. गंगापूर रोडला आमची व्हिडिओ गेम बनवणारी छोटी कंपनी आहे. पत्रिकेत माझं नाव ‘तंत्र सल्लागार’ म्हणून छापलंय, ते वाचून माझ्या घरी बरीच करमणूक झाली. असो. आधी मनातलं सांगून टाकते. मंगळवारी चौकशीचा निकाल आला आणि आपले कॅप्टन अमोल निर्दोष ठरले. दोन महिन्यांनी मी पोटभर जेवले. गायधनी सरांचं तर विचारूच नका. हाच कार्यक्रम निकालाआधी झाला असता, तर आपण कुठल्या तोंडाने हार घातले असते?

मुळापासून सांगते. अधिकाऱ्यांना डावपेच शिकवणारा गेम हवा म्हणून सर आमच्याकडे आले. आम्ही जीव ओतून बनवला. बर्फाचे डोंगर, चौक्या, तोफा. आणि आवाज असा की खालचा फरसाणवाला तक्रार घेऊन वर यायचा. सरांनी शांतपणे खेळून पाहिला आणि विचारलं, “मागे फिरायचं बटण कुठंय?”

माझा भाऊ अदनान म्हणाला, “सर, फौजेसाठी आहे ना? मग ते कशाला?”

“फौजेसाठी आहे म्हणूनच ठेवा,” सर म्हणाले.

ठेवलं. पण दाबणार कोण? एकेक तरुण अधिकारी यायचा, वादळात टेकडीवर चढाई करायचा, अर्धी तुकडी गमवायचा आणि वर झेंडा लावून हसत आमच्याकडे बघायचा. मग सरांनी एक रीत पाडली. खेळ संपला की गेलेल्या प्रत्येक जवानाच्या घरी खोटा फोन लावायचा. पलीकडून बोलणार सर. कधी ते बाप व्हायचे, कधी बायको. “साहेब, आमचा मुलगा कसा आहे?” सुरुवातीला सगळे खो खो हसले. कॅप्टन अमोल यांची पाळी आली, तेव्हा ते फोन कानाला धरूनच उठून उभे राहिले. पुढच्या डावात त्यांनी ते बटण दाबलं. मित्रांनी किती चिडवलं असेल, ते मी सांगायला नको. चिडवणारे इथेच बसलेत!

मग यंदाच्या हिवाळ्यात खरा डोंगर आला. सीमेवरच्या एका रिकाम्या चौकीपर्यंत गस्त न्यायची होती. वाटेत बर्फ भुसभुशीत लागला, हवा बिघडायला लागली, आणि कॅप्टन अमोल तुकडी घेऊन माघारी आले. आता गंमत बघा. त्या उतारावरून बर्फ कोसळलाच नाही. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन! कोसळला असता तर त्यांचा सत्कार झाला असता. नाही कोसळला, म्हणून चौकशी लागली. अधिकारी घाबरला का?

हा भित्रेपणा व्हिडिओ गेममधून आला का, असंही विचारलं गेलं. सर निवृत्तीला टेकलेले. गेम कंपनीने बनवला, एवढं म्हणून ते हात झटकू शकले असते, आणि खरं सांगते, मला तीच भीती होती. सरांनी जबाब दिला, “बटण मी मागितलं. ते कधी दाबायचं, हे मी शिकवलं. अमोल चुकला असेल तर त्याच्या आधी मी चुकलो.” निकालात म्हटलंय की त्या वेळी समोर जे दिसत होतं, त्यावरून घेतलेला निर्णय योग्य होता. किती हायसं वाटलं म्हणून सांगू!

त्या तुकडीतला भिकन आज सभागृहात आहे, रजेवर आलाय. त्याच्या आई बायडाबाई सुरगाण्याहून जीपने आल्यात. मघाशी चहाच्या वेळी त्यांनी सरांना विचारलं, “दोन महिनं कसली चौकशी चालली व्हती, साहेब?”

सर म्हणाले, “ताई, तुमच्या भिकनला वर न नेता परत आणला, त्याची.”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “पोरगं जित्तं आणलं, त्याची बी चौकशी करत्यात?”

सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मला बोलायची संधी दिलीत, त्याबद्दल संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. उज्वलाताई, सरांचं रडणं असं भर सभेत सांगायला नको होतं कदाचित. तेवढं पोटात घाला. थांबते.