बटण एक कमी

(लाँड्रीचं काउंटर. दुपारची सामसूम. काउंटरवर कॅमेरा आणि स्पीकर असलेलं एक छोटं मशीन.)

लाँड्रीवाला — काकू, ही चादर मळलेली नाहीये.

काकू — मळलीय.

लाँड्रीवाला — अहो, काल मीच धुऊन दिली. घडीसुद्धा माझीच आहे.

काकू — रात्री तिच्यावर अस्वल झोपलं.

लाँड्रीवाला — अस्वल.

काकू — सर्कशीतलं. म्हातारं, दात पडलेलं. सर्कस बुडाली, मालक म्हणाला एक रात्र ठेवून घ्या. ठेवलं बापडं. सकाळी उठून स्वतःच्या हाताने घडी घालून गेलं. शिकवलेलं होतं ना! म्हणून तुम्हाला तुमची घडी वाटतेय.

लाँड्रीवाला — आणि परवाच्या टेबलक्लॉथवर काय हत्ती जेवला होता?

काकू — हत्तीला पुरेल एवढं शिजवायला कोण बसलंय माझ्याकडे? धरा हो ती चादर मशीनखाली.

मशीन — चादर. डबल. पांढरी. डाग नाही.

लाँड्रीवाला — ऐकलंत? मशीनपण तेच म्हणतंय.

काकू — आता हा शर्ट.

मशीन — शर्ट. निळा. पूर्ण बाही. बटण एक कमी.

काकू — परत एकदा धरा.

लाँड्रीवाला — काकू, कालपण एक कमी होतं. वरचं. मी लावून दिलं, फुकटात. आज खालचं गेलंय. आणि हे तुटलेलं नाही. कात्रीने कापलंय.

काकू — अस्वलाने.

लाँड्रीवाला — या, या साहेब, बरं झालं आलात! हे तुमचं मशीन न्या उचलून. आणि जमलं तर या काकूंनापण न्या.

सेल्समन — काकू? तुम्ही इथे?

काकू — अगोबाई, टाय! तू कसा रे इकडे?

सेल्समन — मी मशीन काढायला आलोय. तुम्ही काय करताय?

काकू — लाँड्रीत माणसं काय करतात? मासे पकडतात?

सेल्समन — दोन बस बदलून येता लाँड्रीत?

लाँड्रीवाला — तुमच्या ओळखीच्या आहेत या?

सेल्समन — आमच्या मॅडमच्या आई. ज्यांनी हे मशीन बनवलं, त्या मॅडम.

लाँड्रीवाला — मग मॅडमनाच सांगा की, आईला जरा घरी...

सेल्समन — मॅडम गेल्या. वर्ष होऊन गेलं.

लाँड्रीवाला — अरेरे. मला ठाऊक नव्हतं.

सेल्समन — तो आवाज त्यांचाच आहे.

लाँड्रीवाला — कुठला आवाज? हा? बटण एक कमी?

सेल्समन — हो.

लाँड्रीवाला — अहो, मी... मला कंटाळा आला की मी याच्यावर टॉवेल टाकायचो. म्हणायचो, तोंड बंद कर ग बाई.

काकू — म्हणा हो. जन्मभर मीपण तेच म्हणत आले. तिने काय ऐकलं नाही कधी.

लाँड्रीवाला — मी... मी चहा सांगून येतो. बसा तुम्ही. स्टूल घ्या, काकू. तो नको, तो डुगडुगतो.

काकू — बघतोस काय टाय, बस तूपण. अजून घालतोस हा टाय?

सेल्समन — सवय झालीय.

काकू — पहिल्या दिवशी घालून आलास तेव्हा ती घरी येऊन म्हणाली, आई, एक पोरगा ठेवलाय कामाला, लाँड्रीवाल्यांकडे जायचंय आणि गळ्यात टाय बांधून आलाय, नवरामुलगा कुठला. किती हसली.

सेल्समन — ताई माझ्यासमोर नाही हसली.

काकू — तुझ्यासमोर ती मॅडम होती. बरं, हे मशीन का काढतोयस?

सेल्समन — त्यांना नकोय. टेबलक्लॉथला चादर म्हणतं. घाईच्या वेळी चुकतं. सुधारायला माणूस हवा, आमच्याकडे तो आता नाही.

काकू — बाकी ठिकाणी?

सेल्समन — सगळ्यांनी परत केली. एक उरलंय एका होस्टेलच्या धोबीखान्यात. तिथे आवाज बंद करून वापरतात.

काकू — म्हणजे ती बोलते ती इथेच.

सेल्समन — इथेच.

काकू — तरी म्हटलं, त्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने माझे पडदे हातानेच का घेतले. दोन दुकानं फिरले मी आधी. बरं, तोंड असं का केलंयस? अजून काहीतरी आहे.

सेल्समन — दुसरीकडे नोकरी मिळतेय. गाद्यांची कंपनी. मोठी आहे, जुनी. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचंय.

काकू — गाद्या! चांगलंय की. गिऱ्हाइकाला नुसतं झोपवायचं. बोलायलाच नको.

सेल्समन — काकू, मस्करी नका करू. मी गेलो तर ऑफिसात तुमचा दादा एकटा राहील. त्याला दारोदार जाऊन विकणं जमत नाही, तो दुकानात शिरतो आणि सॉरी म्हणून बाहेर येतो. तो कंपनी बंद करेल. आणि कंपनी बंद झाली की मशीनमधला आवाजपण बंद. तो ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवरून येतो.

काकू — माहितीये मला. पोराने सांगितलंय.

सेल्समन — मग?

काकू — मग काय? म्हणून तर घाई करतेय. घरातलं एकूण एक कापड आणून झालं. रंग सगळे ऐकले. करडा म्हणताना ती अडखळते, माहितीये? लहानपणापासून. पडदा झाला, गोधडी झाली. फाटलेला खिसा ऐकायचा होता म्हणून तुझ्या काकांचा कोट फाडला मी. चांगला कोट होता रे. त्यांना सांगितलं, उंदीर.

सेल्समन — त्यांनी मानलं?

काकू — शिंपी उंदीर होता म्हटलं, शिवणीवरूनच कुरतडतो. त्यांनापण आणलं होतं मी एकदा इथे. बाहेरच उभे राहिले, आत आले नाहीत.

सेल्समन — अजून एक आहे. तुम्ही ऐकलंय का? ओलं कापड धरलं की...

काकू — "ओलं आहे. वाळवून आणा." ऐकलंय तर! घरून पिशवीत भिजवून आणलेला रुमाल. बसमध्ये शेजारच्या बाईच्या साडीवर गळला, केवढी भांडली ती. त्यात ती शेवटी हसते, बघ. वाळवून "आणा"ला.

सेल्समन — मला शिंक आली होती.

काकू — काय?

सेल्समन — रेकॉर्डिंग आम्ही ऑफिसच्या कपाटात केलं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. ताई आत, मांडीवर कागद, आणि मी बाहेरून दार दाबून धरलेलं. बराच वेळ शिंक दाबून ठेवली होती. तिथे फुटली. ताई म्हणाली राहू दे तसंच, कोणाला कळतंय.

काकू — आणि मी इतके दिवस विचार करतेय, ओल्या फडक्यात हिला हसण्यासारखं काय दिसलं!

सेल्समन — काकू, ते सगळं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. फोनवर टाकून देतो तुमच्या. घरी बसून ऐका. बटणं कापायला नकोत, बस नको.

काकू — नको.

सेल्समन — अहो, एका मिनिटाचं काम आहे.

काकू — नको म्हटलं ना. फोनमध्ये ती गेलेली असेल. इथे कशी, कामावर आहे. कोणीतरी शर्ट धरतं, ती बघून सांगते. नवा शर्ट, नवं उत्तर. मी लांब बसून बघते, पोरगी कामात आहे, आता त्रास द्यायला नको. एवढंच.

सेल्समन — तेच तर. मलापण तसंच वाटतं. दुकानात गेलो, मशीन चालू केलं की गिऱ्हाईक म्हणतं, आवाज छान आहे हो, कोणाचा? मी म्हणतो आमच्या मॅडमचा. कुठे असतात त्या? मी म्हणतो, बाहेरगावी आहेत, आल्या की आणतो. आणि तेवढ्यापुरतं मला खरंच वाटतं, आणीन म्हणून. विकलं काहीच जात नाही. पण दुसऱ्या दिवशी मी परत कुठेतरी जाऊन चालू करतो.

काकू — बायको काय म्हणते तुझी?

सेल्समन — काही नाही म्हणत.

काकू — ते वाईट.

सेल्समन — आधी भांडायची. आता जेवण वाढते आणि विचारत नाही आज काय झालं. मुलीला सांगते, बाबा दमलेत, त्यांच्याशी नको बोलूस.

काकू — हं.

सेल्समन — नाही म्हणून कळवतो मी त्यांना. गाद्यावाल्यांना. अजून थोडे दिवस बघू. इथल्या साहेबांना विनंती करतो, हे मशीन ठेवा म्हणून.

काकू — टाय, काल रात्री ती माझ्या स्वप्नात आली.

सेल्समन — काकू...

काकू — ऐक तर! घोड्यावर बसून आली. पांढराशुभ्र घोडा, त्याच्या कानात लाँड्रीचा टॅग. म्हणाली, आई, टायला सांग, गाद्यांकडे जा, तिथे बढती आहे, गाडी आहे...

सेल्समन — काल रात्री अस्वल होतं ना तुमच्याकडे?

काकू — ते चादरीवर. घोडा अंगणात.

सेल्समन — गाद्यांचं तर मी तुम्हाला आत्ता सांगितलं. तुम्हाला झोप लागत नाही हे दादाने मला केव्हाच सांगितलंय. स्वप्न कुठून पडणार?

काकू — बरं बाबा. मग खरं बोलते. मला ते नीट जमत नाही, सांभाळून घे. माझा पोरगा रोज ऑफिसात का जातो? तू येतोस म्हणून. तू का येतोस? तो बसलाय म्हणून. दिवसभर दोघे तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसता आणि संध्याकाळी मला येऊन सांगता, आज चांगला दिवस होता, काकू. थापा मी मारायच्या रे, तुम्ही नाही. तुम्हाला येत नाहीत. चेहरे बघा स्वतःचे.

सेल्समन — मी गेलो तर ती...

काकू — ती गेलीच आहे, राजा. मला माहितीये. मी फक्त सोंग करते, म्हातारपणी तेवढं चालतं. तू अजून पोरसवदा आहेस. एक पोर गेलं माझं. तिच्या मागे अजून दोन नाही बसवून ठेवणार मी.

लाँड्रीवाला — चहा. गरम आहे, सांभाळून. साहेब, एक सांगू? राहू द्या मशीन. चुकतं तर चुकतं. टॉवेल नाही टाकणार आता.

काकू — नको हो. कामाला बावळट आहे, तुम्हीच म्हणालात. कीव करून ठेवलेलं तिला आवडलं नसतं. टाय, काढ तू वायर. मला नाही जमायचं.

सेल्समन — एकदा ऐकायचंय का अजून? काही धरू का?

काकू — हो... नको. नको. काढ.

लाँड्रीवाला — साहेब, मागच्या बाजूला आहे स्विच.

सेल्समन — माहितीये. काढतो.

काकू — निघालं?

सेल्समन — निघालं.

काकू — फोन कर त्यांना. माझ्यासमोर कर. नाहीतर बसमध्ये विचार बदलशील.

सेल्समन — करतो. ...हॅलो? हो सर, मीच. हो. येतो मी. एक तारखेपासून. ...थँक्यू सर. ...नाही, नाही, बरं आहे, जरा सर्दी झालीय.

काकू — झालं?

सेल्समन — झालं.

काकू — दादाला आज मी सांगते. तू नको. तुझ्याकडून ऐकलं की तुलाच समजावत बसेल, जा जा म्हणून, आणि रात्री एकटा रडेल. माझ्यासमोर रडू दे. चहा पी, निवतोय.

सेल्समन — काकू, मी येत जाईन घरी.

काकू — असं सगळेच म्हणतात. सुरुवातीला रविवारी, मग सणावारी, मग रस्त्यात भेटलं तर. त्यापेक्षा कामाने ये. गाद्या विकायला ये माझ्याकडे.

सेल्समन — तुम्ही घेणार आहात गादी?

काकू — छे. काही घेणार नाही मी. पण बस, आणि सगळी गादी मला समजावून सांग. अगदी सावकाश.