माशाबरोबरची गोड वाइन

(हॉटेलच्या मागचं स्वयंपाकघर, दुपार. टेबलावर वाइनच्या चार बाटल्या आणि सासूच्या हातचं मटण, चीज, मासा. सून उभ्याउभ्या चाखते आहे.)

सासू : थुंकलीस परत?

सून : थुंकावंच लागतं, आई. सगळ्या गिळत बसले तर चौथीची चव कळायची नाही.

सासू : दाढ काढली तेव्हा डॉक्टरनं बजावूनसुद्धा मी एवढ्या चुळा भरल्या नव्हत्या. बरं, मटणाबरोबर कुठली?

सून : ही डोंगराकडची लाल. थंडीतली द्राक्षं, तुरट लागतात. चरबीला तेच बरं. ती दुसरी लाल दक्षिणेच्या उन्हातली, पार जॅमसारखी. मटणाबरोबर जड होईल, ती चीजबरोबर द्या. वाढणाऱ्यांना सांगून ठेवलंय मी.

सासू : वाढणाऱ्यांना कशाला? सोमवारी ती येतेच आहे. तिला सांगायचं.

सून : तिला तुमचा मुलगा सांगेल.

सासू : माझा मुलगा. तुझा कोणी नव्हताच जसा.

सून : होता. तिच्याकडे राहायला गेला तोवर होता. तेव्हा तुम्हीच म्हणालात, तू हलायचं नाहीस, हॉटेल तुझ्या जिवावर चाललंय. मी हलले नाही.

सासू : मग आता का हलतेस?

सून : तो तिला घेऊन यायचं म्हणाला, आणि तुम्ही ‘या’ म्हणालात.

सासू : पोटचा पोरगा दारात उभा राहिल्यावर काय करणार? झाडू घेऊन धावू? तुला जा म्हटलंय का मी?

सून : नाही म्हटलंत. पण ती गल्ल्यावर, तुम्ही चुलीपाशी, आणि मी बाटल्या पुसत मध्ये. मला नाही जमायचं.

सासू : जमवून घेतात बायका.

सून : घेतलं की इतकी वर्षं. मासा द्या.

सासू : घे. आणि ती नदीकाठची गोड पांढरी ओत. त्या जोडीसाठी लोक कुठून कुठून येतात.

सून : (मासा चाखून) आई, आज मीठ बरोबर आहे.

सासू : माझ्या हातचं मीठ कधी चुकलंय?

सून : मी पहिल्यांदा माशाला वाइन निवडायला उभी राहिले, तेव्हा चुकलं होतं. मूठभर जास्त होतं.

सासू : कळलं होतं तुला?

सून : जीभ आहे मला. कुठलीच वाइन बसू नये, चारचौघांत माझं हसं व्हावं, म्हणून टाकलं होतंत तुम्ही. मग मी गोड वाइन काढली. खारटावर ती बरोबर बसली.

सासू : बसली कसली, डोक्यावर बसली. गिऱ्हाइकांनी उचलून धरली. तेव्हापासून रोज मासा खारट करतेय मी, नाइलाजानं. तोंड उघडायची सोय नाही.

सून : मग आज काय झालं?

सासू : काही नाही. म्हटलं, जाताना तरी माझ्या हातचा खरा मासा हिच्या पोटात जाऊ दे.

सून : चांगला झालाय.

सासू : नुसता चांगला?

सून : फार चांगला झालाय, आई. आता गोड वाइन नाही चालायची याला. ही समुद्राकाठची द्या. आंबट आहे, लिंबू पिळल्यासारखी. की सोमवारपासून पुन्हा मूठभर वाढवणार?

सासू : तिच्यासाठी? तिला खारट-अळणी कळायला नको? मी मीठ टाकायचं ते कोणाला कळावं म्हणून?

सून : मग बरोबरच टाका. निघते मी. गाडी उभी आहे बाहेर.

सासू : नवीन जागी मोठं हॉटेल आहे म्हणे. तिथल्या मालकिणीशी नीट वाग. माझ्याशी बोलायचीस तशी फाडफाड बोलू नकोस.

सून : तिथं मला कोण बोलायला लावणार?

सासू : आणि फोन करत जा. हॉटेलवरच कर, माझा तो मोबाइल मला धड उचलता येत नाही.

सून : गल्ल्यावर ती असेल.

सासू : असू दे. कोण बोलतंय विचारलं तर सांग की, सून बोलतेय म्हणून.

सून : मग तिनं स्वतःला काय म्हणायचं, आई?