शिळी यादी

हॅलो?… हां ताई, बोल… अगं हळू, एका दमात किती बोलशील? रडतेयस का?… बरं, नाही रडत.

काय?… दुकान वेगळं करायचं? वाद्यदुरुस्तीचं?… आजच? रात्री जेवताना भावोजींना आणि तुझ्या दिरांना सांगणार?… ताई, झालं काय?

हो… हो… म्हणजे वर कारखान्यात जाऊबाई हातावर हात ठेवून बसणार, आणि खाली गिऱ्हाइकांची बोलणी तू खाणार. कळलं. आत्ता कोण आलंय?… व्हायोलिनवाला. संध्याकाळी कार्यक्रम आहे त्याचा आणि यादीत अजून ‘काम चालू’… मग वर विचार ना… बोलत नाही? कधीपासून?… सोमवारपासून. कमाल आहे बाई. मधे जिना आहे, समुद्र नाही.

अगं ऐक ना. कॉम्प्युटरवरची ती यादी मीच करून दिली ना तुम्हाला? तू खाली नवं वाद्य लिहिलंस, वर त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर ‘तयार’ लिहिलं, की ते आत जमा होतं. पण तू यादी उघडलीस तेव्हा जे होतं, तेच तुला दिसत राहतं. नवं पुन्हा मागावं लागतं. तू कधी उघडलीस?… सोमवारी? आणि मग बंदच केली नाहीस?… ‘उघडायला वेळ लागतो.’ वा गं शहाणे. सोमवारचं दूध आज पितेस का?

वर कोपऱ्यात गोल बाण आहे बघ… तो नक्षीला नाही ठेवलेला. दाब… दाबलास?… काय दिसतंय, वाच.

सगळी तयार?… व्हायोलिन परवाच?… नाही गं, हसत नाही. बरं, थोडं हसतेय. आता वर जा… ‘काय तोंडाने’ म्हणजे? आहे त्याच. फोन चालू ठेव, मी आहे सोबत. व्हायोलिनवाल्याला म्हणावं, दोन मिनिटं बसा.

चढलीस?… हॅलो, कोण?… ताईच्या जाऊबाई? वहिनी, नमस्कार… काय म्हणता? ताई खाली काम दाबून ठेवते? सोमवारपासून एकही नवं वाद्य नाही?… अहो, थांबा. तुम्ही यादी शेवटची कधी उघडलीत?… हात वाद्यं चिकटवायच्या सरसाने बरबटलेले असतात, मान्य. पण कोपराने का होईना, तो गोल बाण दाबा…

आली?… इतकी? हो, खालचं कपाट गच्च भरलंय म्हणे… काय? तुम्हीही आज रात्री वेगळं व्हायचं काढणार होता?

वहिनी?… रडू नका हो. दोघी रडताय का?… मी आजच यादी आपोआप ताजी होईल असं करून देते… नको? का नको?… रोज जिन्यातून एकमेकींना हाक मारूनच बाण दाबणार? बरं बाई. जशी तुमची मर्जी.

हॅलो?… ताई?… वहिनी?… अहो, व्हायोलिनवाला खाली ताटकळलाय… ऐकतंय का कुणी? ठेवते मी. बोला पोटभर.