उजेड पावलांपुढे

कल्पना करा बाळांनो, डोळ्यांच्या दवाखान्यात तुम्ही माझ्याशेजारी बसला आहात. मागच्या बाकावर एक नात आणि तिचे आजोबा बोलत आहेत. आजोबा पूर्वी थिएटरात बॅटरी दाखवून लोकांना जागेवर नेत.

"आजोबा, रविवारी घरातच थिएटर करायचं. चादरीचा पडदा तयार आहे. बॅटरी तुम्ही धरायची."

"दिवे कसे घालवणार?"

"बटण दाबून."

"एकदम अंधार नको गं. एकेक दिवा मालवायचा. मग लोकांची बडबड आपोआप विरते."

"आणि पिक्चर?"

"तो मी कुठे पाहिला? पडद्याकडे माझी पाठ असायची. मी चेहरे बघायचो, अंधारात हळूहळू बुडणारे."

"मग धरणार ना बॅटरी?"

"मला आता पायरीसुद्धा दिसत नाही, राणी. लोकांना काय जागा दाखवू? तुझ्या बाबाला सांग."

"बाबा डोळ्यांवर बॅटरी मारतो."

"वेडाच आहे. उजेड पावलांपुढे धरायचा, तोंडावर कधीच नाही."

तेवढ्यात आतून हाक आली, "आजोबा, तपासणीला या." तपासणीच्या खोलीत काळोख होता. आजोबा दारातच थबकले.

नातीने दप्तरातून बॅटरी काढली, त्यांच्या पावलांपुढे उजेड धरला आणि हळूच म्हणाली, "एक पायरी आहे, साहेब. सावकाश या."